ताटाभोवतीचं पाणी

गार्डन रीच, कलकत्ता
गुरुवार, १५ नोव्हेंबर १९७३

प्रिय भालचंद्र,

आजवर तुला 'चिरंजीव' सोडून दुसरं काही लिहिलं नाही. आज 'प्रिय' लिहिलंय म्हणून घाबरू नकोस. आई तशी बरी आहे. तशी म्हणजे, पोटातल्या गाठीमुळे महिनाभर अन्न जात नाही, दोन घास खाते आणि ताट सरकवते. पण मला रागावते अजून, तेव्हा बरीच म्हणायची.

तिच्याच सांगण्यावरून काल दुपारी तुझ्या पार्क स्ट्रीटच्या हॉटेलात जेवून आलो. हो, मीच. 'आचारीच व्हायचं असेल तर या घरात पाऊल ठेवू नकोस' असं तीन वर्षांपूर्वी म्हणालेला मी. इथल्या मराठी मंडळात अजूनही तू मुंबईला कंपनीत आहेस असंच सांगतो, आणि तिथलेच दत्तात्रय साठे तुमच्या हॉटेलचं कौतुक करकरून माझं डोकं उठवतात. कलकत्त्यात येऊन तिथे जेवला नाही तो माणूसच नव्हे म्हणे.

खरं सांगू? नाव मोठं, लक्षण खोटं. सूप कोमट. भाज्यांवर पांढरी खळ ओतून भाजलेलं काहीतरी, त्यात मीठ नाही. वेटर मात्र असा अदबीने डोक्याशी उभा, की घास गिळवेना. एवढ्यासाठी लोक आठ-आठ दिवस आधी टेबल राखून ठेवतात, कमाल आहे. साठ्यांना जीभ आहे की नुसतं तोंड, कोण जाणे.

आणि तिथेच माझ्या हातून घोटाळा झाला. भात समोर आला आणि सवयीने मी पेल्यातलं पाणी ताटाभोवती फिरवलं, उजवीकडे चार शितं ठेवली. त्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर. पाणी पसरत माझ्या मांडीपर्यंत आलं. वेटर फडकं घेऊन धावला, मग दोघंतिघं स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन हसले. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. त्यांनी आत सांगितलंच असेल ना? काट्याचमच्यांच्या टेबलावर चित्राहुती घालणारा म्हातारा म्हटल्यावर तू ओळखलंच असशील. मग ओळखूनही बाहेर आला नाहीस, की तुझ्या कानावर गेलंच नाही? रात्रभर हेच घोळवत पडलो होतो. 'आमचा मुलगा आत आहे' एवढंच वेटरला म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही.

शेवटी कस्टर्ड आलं. त्यात अंडं असतं, ठाऊक आहे मला. तरी खाल्लं. पहिल्याच घासाला जायफळ लागलं. दुधाचं काहीही केलं की वर जायफळ किसायची खोड मी एकाच बाईची पाहिली आहे, आणि तिच्या शेजारी पाटावर बसून ते बघणारा एकच मुलगा. त्या अख्ख्या नावाजलेल्या जेवणात तेवढीच एक वाटी नावाला जागली. मी दुसरी मागवली. भालूच्या हाताला चव आहे, असं ती म्हणायची तेव्हा मी पेपर तोंडासमोर धरायचो. चुकलं माझं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. घरी आलो तर ती उशांना टेकून माझीच वाट बघत होती. भालू भेटला का, म्हणाली. मी हो म्हटलं. बाहेर आला, पाया पडला, थोडा वाळलाय, आणि रविवारी घरी येऊन तुझ्यासाठी कस्टर्ड करणार आहे, असं सगळं सांगत सुटलो. इतकं धडधडीत खोटं तिच्याशी कधी बोललो नव्हतो. संध्याकाळी तिने अख्खी पोळी खाल्ली. सोमवारी तिचं ऑपरेशन आहे. गाठ कसली ते उघडल्याशिवाय कळणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तिला हे सांगितलेलं नाही. टपालावर माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र उद्या सियालदहला तू राहतोस त्या मेसच्या मॅनेजरकडे स्वतः देऊन येतो. तुला भेटायला थांबणार नाही, समोर आलास तर मला बोलता येणार नाही. आज सकाळी तिने शेजारच्या श्यामलाबाईंकडून चार अंडी मागवली. आपल्या घरात, भालू. देवघरापासून लांब, खिडकीत ठेवली आहेत. जायफळ आहेच. रविवारी ये.

तुझाच,
बाबा