राहू दे

२ मे
स्वयंपाकाच्या बाई काम सोडून गेल्या. कारण सांगितलं, उन्हाळा. एका अर्थी बरंच झालं, त्यांच्या हातचं बाबांना जात नव्हतंच. आई गेल्यापासून बाबांचं खाणं चिमणीएवढं झालंय.
धाकट्या बहिणीचा फोन. डॉक्टरांनी बाबांच्या वजनावरून तिला बरंच सुनावलंय म्हणे. महिनाअखेरीला येऊन बघते, फरक दिसला नाही तर बाबांना तिच्या घरी नेणार, असं म्हणाली. मी म्हटलं, खुशाल ये. अख्खी नोकरी मी बिस्किटांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. पट्ट्यावरून धावणाऱ्या ढिगातलं एक तुटकं बिस्किट मला लांबून दिसायचं. अशा माणसाला दुधीची भाजी काय जड आहे?
उद्यापासून स्वयंपाक मी करणार. बाबा कुठेही जात नाहीत.

३ मे
धोरण ठरलं. उन्हाळ्यात उन्हाळ्याच्याच भाज्या. पाणीदार, हलक्या, तेल कमी. मोबाइलवर एका बाईंचे व्हिडिओ बघितले. त्या उगाच हसतात, पण माहिती पक्की आहे.
भाजीवालीला विचारलं, सध्या सीझन कशाचा? ती म्हणाली, समोर दिसतंय त्याचा. या लोकांचा अभ्यास नसतो. काकडी, दुधी, टोमॅटो आणि फ्लॉवर घेतला. फ्लॉवर थंडीतला, हे घरी आल्यावर व्हिडिओत कळलं. तिने सांगायला नको?

४ मे, दुपार
काकडीचं थंड सूप. किसायची, दह्यात घुसळायची, वर पुदिना. गॅस नाही, घाम नाही. रंग अप्रतिम. मी चव घेतली नाही. तपासणाऱ्याने माल तोंडात टाकायचा नसतो, ही कारखान्याची शिस्त.
बाबांनी दोन चमचे घेतले आणि डोळे मिटले. समाधान असणार. मग म्हणाले, राहू दे.
म्हणजे नंतर खाणार. डब्यात भरलं, झाकणावर चिठ्ठी चिकटवली, त्यावर ‘राहू दे’ आणि तारीख. फ्रिजमध्ये ठेवलं.
संध्याकाळी कळलं की काकडी कडू होती. कडू काकडी आरोग्याला उत्तम, असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं.

७ मे
दुधी. मीठ दोनदा पडलं. मध्येच फोन आला होता, त्यामुळे दोष माझ्याकडे येत नाही.
बाबा: राहू दे. दुसरा डबा.
आजपासून नवीन पद्धत. बाबा जेवायला बसले की मी समोर खुर्ची घेऊन बसणार आणि पूर्ण लक्ष ठेवणार. घास केवढा घेतात, कितीदा चावतात, कुठे अडखळतात. बघितल्याशिवाय दोष सापडत नाही. त्यांनाही बरं वाटत असेल, कोणीतरी आपल्यासाठी बसलंय.

११ मे
फ्रिजमध्ये दुधाला जागा नाही. पिशवी दारातल्या कप्प्यात तिरकी ठेवली. सांडली.
बाबांना विचारलं, टोमॅटोची भाजी कशी झाली? म्हणाले, छान. मग म्हणाले, राहू दे.
हे दोन्ही एकदम कसं, याचा विचार करायला हवा. उद्या करीन.

१६ मे
बाबांच्या कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडून दिलं. उन्हाने कातडं सैल पडतं.
वजनाच्या काट्याची बॅटरी काढून ठेवली. सारखं वजन बघून माणूस खचतो. मी खचत नाही, मी बाबांबद्दल बोलतोय.

१९ मे
पाव आणायला कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. बेकरीवाला कौतुकाने म्हणाला, तुमचे बाबा रोज संध्याकाळी येतात. बाहेरच्या बाकावर बसून पाव खातात, सोबत घरून आणलेला टोमॅटो. मजेत असतात.
मी म्हटलं, हो, माहीत आहे मला.
मला माहीत नव्हतं. ते फिरायला जातात असं मला वाटत होतं. म्हणजे माझ्या हलक्या आहाराने भूक खुलली, असाच याचा अर्थ. घरी आल्यावर लक्षात आलं, पाव घ्यायचाच राहिला.

२० मे, संध्याकाळ
बेकरीसमोरच्या औषधांच्या दुकानाआड उभा राहिलो. बाबा आले, बाकावर बसले. खिशातून टोमॅटो काढला, रुमालाने पुसला. पावाचा तुकडा मोडला, टोमॅटोचा चावा घेतला. रस हनुवटीवर ओघळला, तो मनगटाने पुसला. रस्त्याकडे बघत सावकाश चावत होते. मध्ये एकदा स्वतःशीच हसले. आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.
नीट दिसावं म्हणून मी थोडा पुढे सरकलो. त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी उरलेला पाव कागदात गुंडाळला, खिशात ठेवला आणि उठले.
घरी येऊन मी भेंडी केली. चिकट झाली.

२४ मे
खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. मला भीती वाटते. लग्न जमलं नाही, नोकरी संपली, आई गेली. बाबाही गेले तर सकाळी चहा कोणाला विचारू?
उद्यापासून नव्या जोमाने. समोर बसून आणखी बारीक लक्ष द्यायचं. ढिलाई माझीच झाली असणार.

३० मे
धाकटी आली. आल्या आल्या बाबांचा हात हातात घेऊन नुसती बघत राहिली. मग पाणी घ्यायला फ्रिज उघडला.
बराच वेळ दार उघडंच होतं. मग तिने विचारलं, दादा, हे काय आहे? मी सगळं समजावलं: बाबा राहू दे म्हणतात, म्हणून मी राखून ठेवतो, तारखेसकट. तिला आधी हसू फुटलं. मग ती ओट्याला टेकून रडायला लागली. म्हणाली, अरे दादा, राहू दे म्हणजे नको.
मी म्हटलं, मग नको म्हणायचं ना. नको हा काय अवघड शब्द आहे?
ती म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून ते तसं म्हणत नाहीत.
काट्यात बॅटरी घातली. काय दिसलं ते लिहीत नाही.

३१ मे
बाबा निघाले. बॅग मीच भरली. जाताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुझ्या हाताला चव येईल रे हळूहळू. चवीचं काही नव्हतं. तू समोर बसून बघत राहायचास, घास घशाखाली उतरायचा नाही. मेल्यासारखं व्हायचं.
मी म्हटलं, मी काळजीने बघत होतो. ते म्हणाले, माहीत आहे.
रिक्षा वळेपर्यंत उभा होतो. हवापालट तात्पुरता आहे. फार तर पंधरा दिवस.

५ जून
धाकटीचा फोन. बाबा दोन्ही वेळा नीट जेवतात. मी विचारलं, तू काय करतेस त्यांना? म्हणाली, तेच रे, दुधी, काकडी, भात. वाढते आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते.
मग बाबा फोनवर आले. म्हणाले, रविवारी जेवायला ये. आणि येताना पेपर घेऊन ये.
मला बरं वाटलं, बाबांना माझ्याकडून काहीतरी हवंय. म्हटलं, आणतो की, कोणता वाचता हल्ली? धाकटीने फोन घेतला आणि हळूच म्हणाली, दादा, पेपर त्यांना नको, तुला. जेवताना तोंडासमोर धरायला.
रविवारला अजून वेळ आहे. पेपर आणून ठेवलाय. मोठ्या पानांचा.