फणसाचा दस्ता

रत्नागिरी, रविवार संध्याकाळ

बाबा गेले; त्यांची शिकारीची रायफल उद्या पोलिसांत कायमची जमा करायची. त्याआधी ती कुठे बनली एवढं तरी कळावं म्हणून दिवसभर भिंग घेऊन बसलो. नळीवर विलायती शिक्का आहे. पण दस्ता, खांद्याला टेकवायचा तो भाग, फणसाच्या लाकडाचा. विलायतेत फणस? गोळी आत सरकवायच्या बोल्टवरचा नंबरही नळीवरच्या नंबराशी जुळत नाही.

बाबांबरोबर शिकारीला जाणारे हमीदचाचा आले, बघून हसले. "मोडली तेव्हा दस्ता इथेच घडवला. बोल्ट माझ्या बंदुकीचा."

"मग रायफल कुणाची?"

"ज्याला तिची गोळी लागली त्याला विचार."

फणसाचा दस्ता, चाचांचा बोल्ट. मग हिच्यात बाबांचं काय? जमा करायचं ठरवताना मी कुणालाच विचारलं नव्हतं. आज चाचांना विचारलं, देऊ का म्हणून. चाचा म्हणाले, "दे खुशाल." पण बोल्टवरचा हात काही उचलेनात.