जॅकेटची नळी तीन इंच आखूड करण्याबाबत

प्रति,
मा. साहित्य नियंत्रण अधिकारी,
शेरिफ कार्यालय, केटलबर्च काउंटी,
उत्तर मिनेसोटा.

विषय: ठेंगण्या बांध्याच्या पाणबुड्यास जॅकेटची हवेची नळी आखूड मिळण्याबाबत (विनंती चौथी).

संदर्भ: १) माझे अर्ज दि. ९ सप्टेंबर, १४ ऑक्टोबर व २ डिसेंबर.
२) आपली तिन्ही उत्तरे.
३) दि. १८ जानेवारीच्या घटनेचा चौकशी अहवाल, परिच्छेद ६.

महोदय,

१. मी, खाली सही करणारी कायसा रौतियो, गेली सहा वर्षे काउंटीच्या पाणबुड्यांच्या स्वयंसेवी पथकात आहे. पोटासाठी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. उंची चार फूट अकरा इंच. ही उंची मी एकाही अर्जात लपवलेली नाही आणि ती लपवण्याजोगी नाहीही.

२. आपण साहित्य विभागाचे असलात तरी स्वतः पाण्यात उतरत नाही असे समजते, म्हणून दोन ओळी खुलाशादाखल. आमचे जॅकेट हवेने फुगते. हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो. डाव्या खांद्यावरून एक जाड, वळ्यावळ्यांची नळी लोंबते व तिच्या टोकाला बटणे असतात. पाठीवरच्या टाकीतून दुसरी एक बारीक नळी येऊन त्याच टोकाला जोडली जाते आणि हवा पुरवते. जाड नळी कापून आखूड करता येते. बारीक नळी कापता येत नाही, ती आखूड हवी तर आखूडच आणून बसवावी लागते. पुरुषांच्या छातीशी येणारी ही बटणे माझ्या कमरेच्या खाली जातात. बर्फाखाली गाळ उठला की स्वतःचा पंजा दिसत नाही. अशा वेळी बटण शोधत मांडीपर्यंत चाचपडणे म्हणजे काय, हे लिहून कळवण्यासारखे नाही.

३. माझ्या पहिल्या अर्जास उत्तर आले की, सदर जॅकेट पाच फूट चार इंचांपासून पुढच्या उंचीस योग्य असून त्याखालील उंचीबाबत तूर्त तरतूद नाही. दुसऱ्या अर्जास उत्तर आले की, तरतूद होईपर्यंत आहे तेच साहित्य वापरावे. तिसऱ्या उत्तरात मलाच विचारण्यात आले की, तरतूद नसताना अर्जदार सहा वर्षे पाण्यात कशी उतरत आहे, याचा खुलासा सात दिवसांत करावा. खुलासा केला. त्यानंतर आपल्याकडून अवाक्षर नाही. आमचे कप्तान मर्ल थीसेन यांनी मात्र सर्वांसमक्ष सल्ला दिला, "कायसाबाई, तुमच्या मापाचं जॅकेट बाहुल्यांच्या दुकानात बघा." सगळे हसले. मीही हसले, कारण न हसून सांगते कोणाला!

४. येथून पुढे जे लिहीत आहे ते माझ्याविरुद्ध वापरता येईल, याची मला जाणीव आहे. दि. १५ डिसेंबर रोजी मी घरी, जेवणाच्या टेबलावर, जाड नळीच्या वरच्या टोकाचा पट्टा तोडून नळी तीन इंच कापली व नवा पट्टा आवळून पुन्हा बसवली. न्हाणीच्या टबात बुडवून पाहिली. एक बुडबुडा आला नाही. बटणे कमरेच्या वर, बरोबर हाताशी आली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला ते जॅकेट माझे वाटले. पण घाईत एक चूक झाली, जी आमच्या धंद्यातल्या माणसाखेरीज कोणी करणार नाही. जाड नळी आखूड झाली आणि बारीक नळी होती तेवढीच राहिली. ती जास्तीची लांबी खांद्यापाशी फुगून बाहेर आली, पातेल्याच्या कडीसारखी.

५. ही कडी एकाच माणसाच्या लक्षात आली. श्री. वेंडल स्कोगलुंड, वय एकसष्ट, एकोणतीस वर्षे शाळेची बस चालवून निवृत्त. ते बर्फावर भोकाच्या काठाशी उभे राहून माझा दोर धरतात. दोराला बसणारे झटके हीच आमची भाषा आहे: दोन म्हणजे दोर सैल सोड, तीन म्हणजे वर ओढ, चार म्हणजे जीव धोक्यात आहे. ते म्हणाले, "पोरी, ही कडी कशाला? तुला उचलून न्यायला का?" मी म्हणाले, "नवी पद्धत आहे." त्यांनी विश्वास ठेवला. त्यांचा माझ्यावर आहेच.

६. बारीक नळी आखूड मागवावी तर नियम असा की, ती फक्त मूळ स्थितीतील जॅकेटसाठी मिळते. माझे जॅकेट मूळ स्थितीत नव्हते. ते मूळ स्थितीत आणावे तर नवी जाड नळी हवी, तिच्यासाठी नुकसानीचा अहवाल हवा. अहवाल दिला की चौकशी संपेपर्यंत पाणबुडा निलंबित. पथकात पाणबुडे चारच. तीन उरले तर नियमाने पथक बंद आणि तळ्यात कोणी बुडाले तर शेजारच्या काउंटीचे पथक येणार, दीड तासाने. दीड तासाने जे येते त्याला आम्ही मदत म्हणत नाही. थोडक्यात, पुढे गेले तरी नियम, मागे गेले तरी नियम, आणि मध्ये ती कडी.

७. दि. १८ जानेवारी, दुपारी दोनचा सुमार, 'तिसरे मूस' नावाचे तळे. बर्फ फुटून एक पिकअप गाडी बुडाली होती. चालक आधीच बाहेर पडून ब्लँकेट पांघरून कॉफी पीत होता. तरी आत आणखी कोणी नाही ना, एवढे पाहायला मी उतरले. खोली बावीस फूट. आत कोणी नव्हते. परत फिरताना माझी ती कडी गाडीच्या आरशात अडकली. मी दोन झटके दिले, वेंडल यांनी तत्काळ दोर सैल सोडला. तरी सुटेना. हातमोजे जाड, बोटे बधिर. डोक्यावर वीतभर जाडीचे बर्फ आणि त्यात एकच भोक. ते कुठल्या बाजूला आहे हे मला त्या क्षणी कळत नव्हते. मी नऊ मिनिटे तशीच होते. शेवटी बारीक नळीचा जोड मागे सरकवून ती सोडवली, तीन झटके दिले आणि वेंडल यांनी मला ओढून घेतले. वर आल्यावर त्यांनी माझे तोंड दोन्ही हातांत धरले आणि एवढेच म्हणाले, "आलीस ना, मग झालं."

८. कप्तानांनी विचारले, नऊ मिनिटे अडकलात तर धोक्याचे झटके का दिले नाहीत. मी म्हणाले, "चार दिले होते."

९. त्यावरून आपल्या अहवालात परिच्छेद ६ आला: "दोर सांभाळणाऱ्याने संकटाचा इशारा ओळखला नाही. वय व हातांची संवेदना लक्षात घेता त्यांना कामातून कमी करण्याबाबत दि. ४ मार्चच्या बैठकीत निर्णय घ्यावा." वेंडल यांनी यावर एक शब्द वाद घातला नाही. शुक्रवारी चर्चच्या तळघरात माशांच्या जेवणाला ते माझ्यासमोर बसले होते. ताटातल्या मासळीला हात न लावता आपले पंजे उलटेपालटे करून बघत होते. म्हणाले, "चार झटके, कायसा. आणि मला एकही कळला नाही. एकोणतीस वर्षं पोरं नेली-आणली, तेव्हा हे हात असेच असते तर?" मी समोर बसून बटाटे खाल्ले.

१०. तरी आता विषयांतराबद्दल क्षमा मागून नमूद करते की, मी चार झटके दिले नव्हते. एकही दिला नव्हता. चार दिले असते तर राखीव पाणबुडा खाली आला असता, त्याचा हात माझ्या नळीवर पडला असता आणि कापलेली नळी उघडी पडली असती. दोर माझ्या मुठीत होता. नऊ मिनिटे मी तो धरून बसले आणि ओढला नाही. त्या माणसाच्या हातांना जे कळले नाही, ते मुळात पाठवलेच नव्हते. तो दोर त्यांनी अचूक वाचला. खोटे मी बोलले. पहिल्या दिवशी भीतीने आणि नंतरचे चाळीस दिवस, आधी बोलले होते म्हणून.

११. सबब विनंती अशी की, परिच्छेद ६ रद्द करावा आणि तसे श्री. स्कोगलुंड यांना लेखी कळवावे. तोंडी नको, कारण माझ्या तोंडी शब्दावर त्यांनी एकदा विश्वास ठेवला आहे. मी स्वतः आज संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन हे सांगणार आहे. तेथे मला अर्ज करता येणार नाही. माझे जॅकेट, दोन्ही नळ्यांसह, सोमवारी आपल्या कार्यालयात जमा करीन. निलंबन मान्य आहे. पथक त्यामुळे बंद होत असेल तर ते पाप माझ्या नावावर लिहावे, त्यांच्या नाही.

१२. श्री. स्कोगलुंड यांनी आपला राजीनामा मला दिलेला आहे, काउंटी कार्यालयाकडे जाशील तेव्हा देऊन टाक म्हणून. पाकीट गेले आठ दिवस माझ्या गाडीत आहे. ते या अर्जास जोडलेले नाही आणि जोडणारही नाही. उद्या माझ्या जागी जी कोणी चार फूट अकरा इंचांची बाई बर्फाखाली जाईल, तिला नळी कितीही लांब द्या, पण दोर त्यांच्या हातात द्या.

आपली, आजच्या तारखेपर्यंत नोंदवहीवर असलेली, नम्र,

(सही)
कायसा रौतियो
पाणबुडा क्र. ३

दि. २७ फेब्रुवारी

सोबत: १) तिन्ही अर्जांच्या व उत्तरांच्या प्रती.
२) दि. १८ जानेवारीच्या दोरनोंदींची प्रत, श्री. स्कोगलुंड यांच्या अक्षरात: "२.११, दोन झटके, दोर सोडला. २.२०, तीन झटके, ओढले. मधे काही नाही."