परसातला चक्रव्यूह

श्री

शके १७०९, प्लवंग संवत्सर, भाद्रपद शुद्ध द्वादशी
मुक्काम पुणे, शनिवार पेठ

चि. सौ. सगुणेस आशीर्वाद.

इकडील क्षेम लिहून तिकडील विचारायची रीत आहे. इकडे क्षेम काही नाही. तुझ्या मामंजींचा गुडघा धरला आहे, गेनबा माळी सांगितलेलं ऐकत नाही आणि माझं डोकं ठिकाणावर नाही. सातव्या महिन्यात तू रुसून लोणीला माहेरी जाऊन बसलीस, त्याला आज सव्वीस दिवस झाले. गौरी आल्या आणि सुनेवाचून जेवून गेल्या. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई आधी तुलाच शोधत होती, प्रसाद नंतर.

पत्र मीच लिहिते आहे. मोडी मला येत नाही आणि बाळबोध अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण कारकुनाला सांगण्याजोगा हा मजकूर नाही. तुला वाचता येतं हे मला ठाऊक आहे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी कोठीत पोथी वाचताना धरलं होतं तुला. तेव्हा ओरडले होते, ते सोड.

आषाढात मी परसात खुंट्या ठोकून सुतळी बांधत होते, तेव्हा तू विचारलंस, "सासूबाई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, भेंडीचे वाफे. भेंडी वर्तुळात कोणी लावत नाही, हे तुलाही कळलं असणार. तू गप्प राहिलीस. तुझं ते गप्प राहणं मला फार जड जातं, हेही एकदा लिहून टाकते.

मी चक्रव्यूह आखत होते. बाई अडली की ताटात कुंकवाने चक्रव्यूह काढतात. तिने दोन रेघांच्या मधून बोट फिरवत मध्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने बाहेर यायचं, म्हणजे मूलही वाट काढतं. मागल्या खेपेला मीच काढला होता. कळांचा तिसरा दिवस होता, तुला रेघाच दिसेनात. बोट अर्ध्या वाटेत थांबलं. मुलगी झाली ती रडली नाही. त्यानंतर दोन वर्षांत तिच्याविषयी तू बोलली नाहीस आणि मी बोलू दिलं नाही.

म्हणून या खेपेला ठरवलं, ताटाएवढा नको, चालता येईल एवढा काढायचा, आणि कळांची वाट न पाहता तुला आधीपासून रोज सकाळी त्यातून चालवायचं. बोट विसरलं तरी पाय वाट विसरणार नाहीत. वाटेच्या कडेला रानफुलं लावायची, तेरडा, सोनकी, कुर्डू. मोगरा का नाही, असं मामंजींनी विचारलं. कात्रजच्या वनभोजनाहून तू ओटीभर सोनकी आणली होतीस आणि हे गवत देवाला चालत नाही म्हणून मी ती गाईपुढे टाकली होती. हे काही त्यांना सांगितलं नाही. मातीला मोगरा मानवत नाही, असं सांगितलं.

आता या घरातल्या पुरुषांची अक्कल ऐक. तू गेल्यावरही काम मी थांबवलं नाही. राखेने सगळा चक्रव्यूह आखून दिला, सात फेरे, बिनचूक, आणि कीर्तनाला गेले. परतून पाहते तो या दोघांनी रेघा मोकळ्या सोडून रेघांच्या मधोमध तेरडा लावलेला. म्हणजे वाटेत फुलं आणि कुंपणावरून चालायचं. मी तसंच चालून पाहिलं, तर चौथ्या वळणावर वाटच संपली.

"अहो, आखलेली रेघ म्हणजे वाटच की," तुझे मामंजी म्हणाले. "नकाशात काय असतं?" तीस वर्षं दफ्तरात रस्त्यांचे नकाशे पाहिले, त्याचा हा उजेड.

मी म्हटलं, "बोट रेघेवरून जातं की मधून, ते एकदा बाळंत होऊन पाहावं."

गेनबा म्हणे, "बाई, धनी म्हनले हितं लाव, म्या लावलं. रानातलं झाड हाय, कुटंबी जगतंय." कुटंबी जगलं नाही. सगळा तेरडा उपटून पुन्हा लावला, त्यातला निम्मा माना टाकून पडला. शेजारणीने भिंतीवरून विचारलं, एवढं गवत कशाला जोपासता? तिला मी तिच्या घरातल्या गुरांची संख्या विचारली.

असो. हे सगळं लिहिते आहे ते दुसरं लिहायचं टळावं म्हणून, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

श्रावणात गेनबाने कात्रजच्या रानातून पहिला भारा आणला, त्यात कळलावीचा वेल होता. त्याच्या बायकोने मुद्दाम दिलेला. अडलेल्या बाईच्या कळा याने लागतात, तर मध्यावर लावा म्हणाली होती. मी म्हणाले, "ही कळलावी माझ्या घरात नको. आली तिथं नेऊन टाक." हा वेल लावला की घरात भांडणं होतात, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. दुपारी तुझी गाडी लोणीच्या रस्त्याला लागली.

तेव्हापासून मी सांगत सुटले की पोरीचा गैरसमज झाला, मी तर झाडाला म्हणाले. मामंजींना सांगितलं, लेकाला, माधवला, स्वारीत पत्र धाडून कळवलं. देवापुढेही तेच सांगितलं.

त्या सकाळी माधवचं पत्र आलं होतं, की सगुणेस बाळंतपणास लोणीला जाऊ द्यावे. तू त्याला परस्पर लिहिलंस. मला वाटलं, मागलं मूल माझ्या हातून गेलं असं तुझ्या मनात आहे आणि आता माझा मुलगाही तेच म्हणतो आहे. फार लागलं मला. सगुणे, तू दारात आहेस हे मला दिसलं होतं. दिसलं म्हणूनच मोठ्याने बोलले.

तू इकडे ये, असं लिहीत नाही. या दिवसांत पाच-सहा कोस गाडीचे धक्के नकोत. बाळंतपण लोणीलाच होऊ दे, माधवलाही तसं आजच लिहिते. विहीणबाईंना एवढं विचार की अंगणात वीस हात जागा मिळेल का. मी येऊन रांगोळीने आखीन. सासू व्याह्यांच्या दारी बाळंतपणाला जाऊन राहिली म्हणून पुण्यात हसतील, त्यांना हसू दे. मला भीती वाटते आहे आणि इथे बसून ती सोसत नाही.

नको म्हणालीस तर येणार नाही आणि कोणापाशी तुला नावं ठेवणार नाही. हे पत्र घेऊन येणाऱ्या गेनबापाशी हो किंवा नाही एवढंच सांग. त्याहून जास्त त्याच्या लक्षात राहत नाही.

झाडाचं नाव घेऊन तुला बोलले, त्या तुझ्या सासूचा आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे.