नोल्बेर्तोदादाची टोपी

९ जानेवारी

अखेर हो म्हणाला! दादाच्या बोटीवरची स्वयंपाकीण बाळंतपणाला माहेरी गेली, दुसरी कुणी मिळेना, तेव्हा कुठे माझी आठवण झाली. सहा महिने मागे लागले होते — रोसामेल जिथं बुडाला ती जागा मला एकदा दाखव. दर वेळी कारण ठरलेलं. वारा आहे, जागा नाही, पुढच्या खेपेला बघू. आज म्हणे, ये, पण तिथं रडारड नको, लोक मजा करायला येतात.

रडारड! माझा नवरा गेलाय, तुझं जाळं नाही फाटलं.

तरी सख्खा भाऊ आहे. या सहा महिन्यांत लाकडं त्यानंच फोडून दिली, छप्पर त्यानंच शाकारलं. हेही लिहून ठेवते, नाहीतर कृतघ्न ठरायची.

१० जानेवारी

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, बघून काय करणार? पाणीच दिसेल.

मग म्हणाल्या: "एखादं हाड तरी आण पोराचं. तोवर मी मयताची नऊ रात्रींची प्रार्थना बसवणार नाही."

आम्ही चिलोए बेटावरची माणसं. समुद्रानं माणूस परत दिला नाही तर त्याचे कपडे पुरतो, वर क्रूस लावतो आणि मोकळे होतो. सासूबाईंना ते मान्य नाही. रोसामेलचा कोट अजून खुंटीवरच आहे. मी तो रोज झटकते. ना धड विधवा, ना धड बायको.

१४ जानेवारी

सकाळी निघालो. बारा पर्यटक, दादा सुकाणूवर, इंजिनवर म्हातारा चिग्वाय, आणि मी चुलीपाशी. रात्र आत फियोर्डच्या चिंचोळ्या खाडीत काढायची, उद्या परत. दोन्ही बाजूंना नुसते कडे आणि जंगल. वस्तीचं नाव नाही. सांतियागोची एक बाई विचारत होती, इथं कुणी राहत नाही का? म्हटलं, राहतात, पण पाण्याखाली.

 नको होतं असं बोलायला.

पाचच्या सुमारास सीलचं टोक म्हणतात तो सुळका आला. हीच ती जागा. दादानं नौदलाला सांगितलं होतं — रोसामेल खाली शिंपले काढत होता, हवेची नळी सुटली, वर आलाच नाही. नौदलानं नऊ दिवस इथला तळ ढवळला. मी हात पुसून बाहेर आले. छातीवर क्रूस केला. बुडालेल्याच्या जागेवरून जाताना आमच्याकडे पुरुष टोपी काढतात. झिंगलेला असो, भांडत असो, हात आपोआप डोक्याकडे जातो. चिग्वायनं काढली.

दादानं नाही काढली. चहा पीत उभा होता. टोपी कानापर्यंत ओढलेली.

विसरला! सख्खा मेहुणा, त्याच्याच बोटीवरून गेला, आणि हा विसरला! रागाच्या भरात माशाच्या सूपमध्ये दोनदा मीठ पडलं. पर्यटकांनी मिटक्या मारत खाल्लं.

१४ जानेवारी, जेवणं उरकल्यावर

उन्हाळ्याचा उजेड अजून आहे. लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

टोकापासून अडीच तास आत एक मोठा धबधबा आहे. तिथं इंजिन बंद करतात, पर्यटकांना तो अगदी जवळून दाखवतात. मी दादाला चहा द्यायला वर गेले. टोपी त्याच्या हातात होती. पाणी बघत होता, ओठ हलत होते. मला बघितलं आणि घाईघाईनं डोक्यावर घातली.

विचारलं, कुणासाठी काढलीस? म्हणे, उकडतंय.

उकडतंय! काचेवर तुषार, माझी बोटं गारठलेली.

या धबधब्याखाली कोण बुडालंय? सगळ्या गावाचे मेलेले मला पाठ आहेत. इथं कुणीच नाही.

१५ जानेवारी

पर्यटक उठायच्या आत वर गेले. ओरडले नाही. त्याच्या डोक्यावरची टोपी काढली आणि समोर ठेवली.

सगळं ओकला. जुलैत तो आणि रोसामेल, दोघंच, धबधब्यापाशी होते. लाल पाण्यामुळं तिथं शिंपले काढायला बंदी — विषारी झालेले. इतर जागांवर काही उरलं नव्हतं म्हणून गेले. पलीकडून गस्तीच्या बोटीचा आवाज आला. धरले असते तर बोट जप्त, तुरुंग. दादानं वर ये म्हणून नळीला तीन हिसके दिले. रोसामेल आला नाही. दादानं नळी पाण्यात टाकली आणि पळाला. रात्रभर खाडीच्या शेजारच्या फाट्यात दडून बसला. पहाटे धुक्यात एकच फेरी मारली. नळी तरंगत होती. गस्तीच्या भीतीनं भोंगा वाजवला नाही, हाकही मारली नाही. मग टोकापर्यंत बाहेर आला आणि तिथून रेडिओवर कळवलं.

"मेला होता गं तो, एदेल्मिरा. मेलेल्याला इथं शोधला काय, तिथं शोधला काय!"

 मी खाली जाऊन बारा जणांची अंडी तळली.

१५ जानेवारी, दुपार

रेडिओ उचलला. ठेवला. त्याच्या दोन पोरी डोळ्यांसमोर. धाकटीला मीच न्हाऊमाखू घातलंय.

परत उचलला. नौदलाला जागा सांगितली. कुणाकडून कळलं, विचारलं. म्हटलं, माझ्या भावाकडून. दादा मागंच उभा होता. अडवलं नाही.

१८ जानेवारी

दादाला घेऊन गेले. वहिनीनं माझ्या तोंडावर दार लावलं. गावात कुणी बोलत नाही. सासूबाई मात्र आल्या, माझ्या शेजारी बसून बटाटे किसले.

२२ जानेवारी

पाणबुडे तीन दिवस उतरले. काही नाही. उद्या शेवटचा दिवस. देवा, एक हाड दे. जास्त मागत नाही.

२३ जानेवारी

सापडला. पाण्यात नाही — किनाऱ्यावर. एक खलाशी लघवीला झाडीत शिरला, त्याला दिसला. नुसती हाडं, पायाचं मोडलेलं. डोक्यावर फांद्यांचं छप्पर केलेलं. शेजारी खाल्लेल्या शिंपल्यांची टरफलं. झाडाच्या खोडावर सुरीनं पाडलेल्या रेघा, दिवसाला एक. अधिकाऱ्याला मी दोनदा विचारलं. अकरा.