बट्टी चुरायचा मान

अक्का,

तू गेल्यावर मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोलले, कागदावर मात्र कधी नाही. पोटच्या पोरी असून तुला आम्ही आई म्हटलंच नाही. सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्का. आज लिहायला बसले ते त्या साथीच्या उन्हाळ्याबद्दल. गावानं ती साथ सोयीसोयीनं विसरून टाकली, आणि जेवढी लक्षात ठेवली तेवढी तुझ्या नावावर लावून ठेवली.

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होते. सुट्टी लागली म्हणून शिंदखेड्याकडच्या आपल्या गावी आले, तर भर दुपारी गल्लीतली दारं उघडी. कुणी भांडत नाही, कुणी पापड वाळत घालत नाही. एका घरातून ओकारीचा आवाज येतो, तो थांबतो न थांबतो तोच शेजारच्या घरातून येतो. जणू कुणीतरी आतल्या आत भिंती ओलांडत चाललंय. तू मला दारातच थांबवलंस, हातावर पाणी घातलंस आणि म्हणालीस, "कोनाच घर जावानं नही." मला हसू आलं. शहरातून शिकून आलेली मी, आणि मला विटाळ शिकवतेस? पण तो विटाळ नव्हता. दोन दिवसांपूर्वी तालुक्याचा डॉक्टर जीपमधून येऊन चावडीवर सांगून गेला होता, आणि साऱ्या गावात ते कान देऊन ऐकणारी तू एकटीच निघालीस.

गावाचं संशोधन वेगळ्या दिशेनं चाललं होतं. काहींच्या मते केळीच्या ट्रकचा परका ड्रायव्हर विहिरीवर पाणी प्यायला होता. काहींच्या मते कुणाची तरी नजर. सरपंचांनी विहिरीत इतकी टीसीएल पावडर ओतवली की पाण्याला दवाखान्याचा वास सुटला, आणि मग स्वतः ओट्यावर उभं राहून सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी पिऊन दाखवलं. पाणी निर्दोष ठरलं. सरपंच मात्र दुसऱ्या दिवशी आडवे झाले. डॉक्टर म्हणाला होता, "हा रोग पाण्यातून आलेला असता तर एव्हाना आटोक्यात आला असता. हा हातांतून पसरतोय. याला औषध नाही. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. ओकारीवर राख टाकून झाडू नका, पावडरच्या पाण्यानं पुसा, हात साबणानं धुवा. ज्याला झालं त्यानं बरं वाटल्यावरही दोन दिवस दुसऱ्याच्या अन्नाला हात लावायचा नाही. आणि आजाऱ्याला पाहायला जाऊ नका." शेवटच्या वाक्यावर चावडी हसली. पाहायला जाऊ नका म्हणजे? आपल्याकडे माणूस आजारी पडला की गल्लीनं त्याच्या खाटेवर टेकायचं, कपाळाला हात लावायचा, त्याच्याच घरचा चहा प्यायचा आणि तोच हात घेऊन पुढच्या खाटेकडे जायचं. न जाणारा तो वैरी. रोगाला पाय नव्हते, ते आपण माणुसकी म्हणून पुरवत होतो.

अशा दिवसांत तिसऱ्या घरच्या नानांच्या पोरीचं लग्न. नशिराबादचं वऱ्हाड येणार. लग्न पुढं ढकलावं असं तू नानांना एकदा सुचवून पाहिलंस. ते तुझ्याकडे असे बघत राहिले, जणू तू मुलीच्या कपाळावरचं कुंकूच पुसलंस. आणि लग्न म्हटलं की वरण-बट्टी, आणि बट्टी म्हटलं की तू. तळलेल्या बट्ट्या गरम असतानाच परातीत चुरायच्या, चटके सोसत, भुगाही नाही आणि तुकडेही नाहीत असा जाडसर चुरा करायचा, त्यावर तूप सोडायचं. पहिल्या पंगतीची परात चुरण्याचा मान गल्लीत तुझा होता. तुझ्याकडे दागिना नव्हता, शेत नव्हतं, विधवा म्हणून हळदीला तुला कुणी पुढं बोलावत नसे. मांडवात तुझी जागा होती ती त्या एका परातीपाशी. हे तुला माहीत होतं. म्हणून मी धास्तावले होते, कारण लग्नाच्या आदल्या पहाटे तुला उलट्या झाल्या होत्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी तू बरी होतीस. न्हालीस, ठेवणीतलं लुगडं नेसलीस. मला वाटलं, चालली. मांडवात बट्ट्यांची परात येऊन पडली, वाफ निघतेय, बायका भोवती बसल्यात, आणि तू लांब ओट्यावरच बसलीस.

"अक्का, ये व. तू नही ते कोन चुरी?" गल्लीतच राहणारी नवरीची मामी म्हणाली.

"मी हात लावाव नही. काल मले उलट्या व्हयन्यात."

तू हळू बोलायला शिकलीच नव्हतीस. आचाऱ्याचा झारा थांबला. नाना धोतर सावरत धावत आले. "अक्का, हळू बोल ना. वऱ्हाडी आयकतीन."

"आयकू द्या. त्यास्लेच खावानं शे ना?" आणि मग तू सगळ्या बायकांवरून नजर फिरवलीस. "आखो कोनले व्हयनी व्हई ते उठा. लाज कसानी?"

कुणी उठलं नाही. अक्का, मी ते चेहरे अजून विसरले नाही. मामीच्या दारापर्यंत मी स्वतः आदल्या संध्याकाळी साबण द्यायला गेले होते, तेव्हा ती मोरीत वाकलेली होती. मी तिच्याकडे बघतेय हे तिला कळलं. "मले ते पित्त व्हयनं व्हतं," ती कुणी न विचारताच म्हणाली. त्या उन्हाळ्यात गावात उलटी कुणालाच झाली नाही, सगळ्यांना पित्तच झालं. मग मामीनंच बाह्या वर सारल्या, परात पुढं ओढली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या वाफेत घातले. बांगड्या वाजत होत्या. तू बघत होतीस. तुझी बोटं मांडीवर आपोआप हलत होती, चुरल्यासारखी. पंगत बसली, तुपाची धार फिरली, "घ्या हो, घ्या, नाही म्हणायचं नाही" असा आग्रह झाला, विहिणींनी एकमेकींच्या तोंडात घास दिले. इतकं प्रेमळ आणि इतकं भयंकर दृश्य मी नंतर पाहिलं नाही.

वऱ्हाड गेलं. दुसरा दिवस शांत गेला, नाना मिशीला पीळ देत फिरले. तिसऱ्या दिवशी नशिराबादहून माणूस आला. ट्रकभर माणसं आडवी झाली होती. बाकीची उठली, नवरदेवाची म्हातारी आजी जळगावच्या दवाखान्यात उठली नाही. मग गावात चौकशी झाली. चौकशीला वेळ लागला नाही. कबुली देणारं एकच माणूस असलं की काम लवकर उरकतं. "अक्काले व्हती उलटी, तिनी सोतानीच सांगं," मामी विहिरीवर म्हणाली. तू परातीला बोटसुद्धा लावलं नव्हतंस, हे बघणाऱ्या सगळ्या बायका तिथं पाणी भरत होत्या. त्यांनी पाणी भरलं.

त्यानंतर तुला कुठल्याच मांडवात परात मिळाली नाही. लग्नं व्हायची, वाजंत्री आपल्या दारावरून जायची, तू चुलीपुढं बसून आपल्यापुरत्या चार बट्ट्या चुरायचीस. एकदा मान वर न करता मला विचारलंस, "मी सांगं ते चुकनं का?" प्रत्येकाला टोचून बोलणारी, सरपंचाच्या नकला करणारी मी. मी तुला तूप वाढलं.

डॉक्टर खरा होता आणि तूही खरी होतीस, हे आता शाळेच्या पुस्तकातही छापतात. तेवढ्यानं माणसं सांगायला लागली असं मात्र मी पाहिलेलं नाही.

आज जळगावात माझ्या घरी तुझ्या नातवाचा साखरपुडा आहे. गच्चीवर मांडव, आचारी, खुर्च्या, सगळं आहे. मुलीकडच्यांनी हौसेनं सांगितलंय, पहिली बट्टी विहीणबाईंच्या, म्हणजे माझ्या हातची. त्यांच्यात एक नऊ महिन्यांची पोर आहे आणि पोरीची पणजी आहे, काठी टेकत तीही जिना चढून वर गेली. पहाटे मला उलटी झाली, अक्का. मी नळ मोठा सोडला, म्हणून घरात कुणाला ऐकू गेलं नाही. आता अगदी बरं वाटतंय.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि घरात कुणाच्या हाती लागावा असंही वाटत नाही. आत्ताच मुलानं दार वाजवलं, "चल, वर सगळे थांबलेत." मी आतूनच "आले" म्हणाले. वर जाऊन काय बोलायचं, ते अजून ठरत नाहीये.