एक नंबरची दोरी

२ जानेवारी
सुट्टी. वडिलांचा किल्ट, आम्हा स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा लोकरी घागरा, ट्रंकेतून काढला. कमरेला दोन इंच कमी पडतो. लोकर आटली असणार. तरी निश्चय: आजपासून शॉर्टब्रेडची लोणीदार बिस्किटं बंद.
शेजारची एफी सांगत आली, टॉर्किलनं अंथरूण धरलंय, तुझी आठवण काढतोय. टॉर्किल माझा थोरला भाऊ. नदीपलीकडे राहतो, चालत वीस मिनिटं. अकरा वर्षं बोलणं नाही. वडिलांनी किल्ट मला दिला ते त्याला झोंबलं. (दिला म्हणजे, मीच उचलला. पण त्यांच्या मनात तेच होतं.)
जाणार. पण किल्ट घालूनच. बघू दे त्याला, कुणाला शोभतो ते.

९ जानेवारी
शॉर्टब्रेड पूर्ण बंद. डबाच संपला.
एफी म्हणाली, पँट घालून जा की मेल्या, तो काय तुझे गुडघे बघायला बोलावतोय? बायकांना मानपान कळत नाही.

२५ जानेवारी
राष्ट्रकवीची जयंती. गावच्या हॉलमध्ये हॅगिसचं, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसाच्या खिम्याचं जेवण. आजच्या दिवशी हॅगिसला नको म्हणणं म्हणजे देशद्रोह. तीनदा वाढून घेतलं.
एफी टॉर्किलला रोज सूप नेते. म्हणाली, सारखा दाराकडे बघत असतो रे. तिला वाढवून सांगायची सवय आहे. सोमवारी नक्की जाणार.

३ फेब्रुवारी, सकाळी ७
टॉर्किल पहाटे गेला.
मी उद्याच जाणार होतो.

६ फेब्रुवारी
अंत्यविधीवाल्यांचं कार्ड आलं. शवपेटी खड्ड्यात सोडायच्या आठ दोऱ्या, कुणी कुठली धरायची ते टॉर्किलनंच लिहून ठेवलंय. माझी एक नंबरची. डोक्याकडची, सगळ्यांत जवळच्या माणसाची. म्हणजे त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणजे मी गेलो नाही ते काही फारसं चुकलं नाही.
दुपारभर रडलो. सर्दीही आहे.

१० फेब्रुवारी
किल्ट बसला! पोट आत, पट्टे शेवटच्या भोकात. श्वास घेतला नाही की झालं.
तिरपा पाऊस. बॅगपाइप थांबला. एक नंबर, डुगल्ड, असं पुकारलं. दोन्ही हातांनी दोरी धरून वाकलो. टॉर्किल हळूहळू खाली जात होता, आणि पट्टा तुटला.
दोरी सोडली. किल्ट धरला.
पेटी डोक्याकडून कलली. एफीनं आपली दोरी एका हातात ठेवून दुसऱ्यानं माझी पकडली, चिखलात गुडघे टेकून पेटी सरळ केली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
परतताना एफी म्हणाली, मी त्याला सांगितलं होतं, डुगल्डला नको देऊ, तो सोडेल. तर म्हणाला, नाही गं, एवढं तरी धरेल.

११ फेब्रुवारी
पट्टा शिवायला किल्ट काढला. टेप लावून मोजला. वडिलांच्या शिंप्यानं आत लिहिलंय, तेवढंच माप भरलं.
लोकर आटलेली नाही.